गोठ्यातली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर: कामांचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

घरच्या जुन्या ॲम्बेसेडरला किंवा फियाटला हात घालायचं ठरलं की आपल्याकडे विदर्भात पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. ट्रॅक्टरची बॅटरी काढून गाडीला लावतात, सेल्फ मारतात, नाही फिरला तर चार पोरं बोलावून धक्का देतात. "मारून पाहू एक डाव, झाली चालू त झाली." त्याच आठवड्यात पेंटरला ॲडव्हान्सही गेलेला असतो.

वर्षानुवर्षं उभं राहून जे नुकसान झालं नाही, ते या एका सकाळी होतं. इंजिनच्या गंजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, अडकलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतात, टाकीतला गाळ कार्बोरेटरपर्यंत पोहोचतो, उंदरांनी कुरतडलेली वायर डॅशबोर्डच्या मागे धुमसते. आणि गाडी खरोखरच चालू झाली, तर ब्रेक नसलेली गाडी उतारावर असते.

खालची पद्धत पेट्रोलच्या ॲम्बेसेडर आणि फियाट-पद्मिनीसाठी आहे. जुन्या पेट्रोल जीपलाही बरीचशी लागू पडते. क्रम असा: कागद, जागा, उघडणं, पत्रा, ब्रेक, इंजिन, पेट्रोल आणि पाणी, वायरिंग, पहिला स्टार्ट, रंग, रस्ता. यातलं एखादं काम तुमच्या गाडीला लागणार नाही, पण क्रम उलटा करू नका.

## १. आधी कागद

पान्याला हात लावण्यापूर्वी आरसी बुक शोधा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घासून स्वच्छ करा, फोटो काढा आणि बुकातल्या नंबरांशी एकेक आकडा जुळवा. नंबराच्या पट्टीवर ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर चालवायचा नाही. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश पुरे. तिथला एक आकडा घासला गेला, तर आरटीओत फार त्रास होतो.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ लागतो. विकत घेतली असेल तर नमुना २९ आणि ३०. नोंदणीचं नूतनीकरण नमुना २५ वर होतं आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. १९८९ च्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या नंबरांच्या गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसत नसेल, तर आरटीओच्या जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्या दिवशी सुरू करा.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झाली असतील, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी मागता येते. त्याची फी २०,००० रुपये आहे. ती १० वर्षं चालते, नंतर पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तालुक्याच्या बाजाराला गाडी न्यायची इच्छा असेल, तर साधं नूतनीकरणच बरं.

इशारा: व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आपल्याकडे जुन्या पेट्रोल गाडीत सर्रास डिझेल इंजिन बसवून देतात, "ॲव्हरेज चांगलं येते" म्हणून. ते बसवलं की हा रस्ता बंद झाला. शिवाय साध्या नोंदणीतसुद्धा इंजिन बदलल्याची नोंद बुकावर करावीच लागते.

## २. जागा आणि दिवस

काळ्या मातीवर जॅक लावू नका. वरून टणक दिसणारी जमीन एका बाजूला वजन आलं की खचते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात. कोबा किंवा फरशी नसेल, तर निदान चार चाकांखाली आणि जॅकच्या जागी जाड सागवानी फळ्या किंवा शहाबादी फरशीचे तुकडे पक्के बसवून घ्या.

गाडी जॅकवर उचलली की लगेच लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उतरवायची. घोड्या नसतील तर वेल्डिंगवाल्याकडून चार करून घ्या. गाडीच्या सगळ्या कामात हा खर्च सर्वांत आधी करावा. विटांचा थर, दगड, ट्रॅक्टरची जुनी रिम यांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. वीट वजनाखाली पूर्वसूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

ज्या शेडमध्ये कुटार, कडबा किंवा कापूस भरला आहे, तिथे हे काम करायचं नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दहा फुटांवरच्या ठिणगीनंही पेट घेते. जागाच नसेल, तर आधी कुटार हलवा. रेतीच्या दोन बादल्या आणि पावडरचं अग्निशामक सिलिंडर हाताशी हवं.

दिवसांचं गणित असं ठेवा. रंगाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या आधी पत्रा, ब्रेक आणि इंजिन आटोपायचं. शेती असलेल्या माणसाला पेरणीपासून पोळ्यापर्यंत सलग वेळ मिळत नाही, म्हणून उघडण्याचं आणि पत्र्याचं काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावं. ब्रेक आणि कार्बोरेटरसारखी बसून करण्याची कामं पावसाळ्यातल्या उघडिपीला ठेवावीत. उघडा पत्रा मात्र पावसाळ्यात सोडू नका. जुलैमध्ये घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत गंज येतो.

## ३. उघडणं

गाडीत पहिल्यांदा हात घालताना लांब काठी, टॉर्च आणि जाड हातमोजे. सीटच्या खाली, डिकीत, बॉनेटखाली, स्पेअर चाकाच्या खोबणीत साप असू शकतो आणि विंचू तर असतोच. दारं आणि बॉनेट उघडी टाकून, सीट काठीनं हलवून थोडा वेळ दूर थांबा. मग आत जा.

एअर क्लीनर उघडून पाहा. आपल्या भागात उंदीर वेचणीच्या दिवसांत कापूस ओढून आणतात आणि एअर क्लीनरमध्ये घरटं करतात. सायलेन्सरच्या टोकात कुंभारमाशीची माती भरलेली असते. दोन्ही साफ न करता इंजिन चालवलं, तर इंजिन कापूस आत ओढतं आणि माती धूर अडवते.

काढलेली प्रत्येक वस्तू काढण्याआधी जागेवर असताना फोटो, मग काढताना एक फोटो. वायरींना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर लिहा. नट-बोल्ट एका डब्यात गोळा करायचे नाहीत. "पुढचा उजवा ब्रेक", "रेडिएटर", "कार्बोरेटर" असं लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्या करा. हे काम सुरू केल्यावर मध्येच सोयाबीनची काढणी येते, लग्नसराई येते, आणि चार महिन्यांनी तुम्हाला काही आठवत नसतं.

जाम झालेला नट थेट ताकदीनं काढू नका. गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी नटाच्या बाजूवर हलके ठोके द्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा. ॲम्बेसेडरचे बरेच नट इंची मापाचे असतात, फियाटचे मिलिमीटरचे. चुकीच्या पान्यानं कडा गोल झाल्या की एका नटामागे अर्धा दिवस जातो. शक्य तिथे उघडा पाना टाळून रिंग पाना वापरा.

जुना भाग कितीही निकामी वाटला, तरी नवा बसून नीट चालेपर्यंत भंगारात द्यायचा नाही. नागपूरचं दुकान असो की दिल्लीचं काश्मिरी गेट, जुना नमुना समोर ठेवल्याशिवाय बरोबर माल मिळत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदललेले आहेत.

याच टप्प्यात पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा. पुढे वेल्डिंग आहे.

## ४. पत्रा: हो की नाही याचा निर्णय इथे होतो

ॲम्बेसेडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस आहे. त्यामुळे खालचा पत्रा सडला असेल, तर तो दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. सस्पेन्शन ज्याला धरून आहे तीच जागा कमजोर झालेली असते.

रबरी मॅट उचला. पेचकसाच्या मुठीनं ठोका: खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला, भद्द आवाज आला तर पेचकसाचं टोक दाबून पाहा. या जागा एकेक करून तपासा:

- दाराखालच्या पोकळ पट्ट्या, आतून आणि बाहेरून
- जॅक लावायच्या जागा
- मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) दोन्ही टोकांचे आधार
- पुढच्या सस्पेन्शनची आडवी पट्टी आणि तिचे बोल्ट
- डिकीचा तळ आणि स्पेअर चाकाची खोबण
- दारांच्या खालच्या कडा, जिथे पाणी निघायची भोकं मातीनं बुजलेली असतात

फक्त फरशीचा पत्रा गेला असेल, तर काम घरगुती आवाक्यातलं आहे. सस्पेन्शनच्या बैठका दोन्ही बाजूंनी सडल्या असतील, तर मी ती गाडी घरी करायला घेऊ नका असंच सांगेन. ती जिगवर (बॉडी सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर) धरून करणाऱ्या चांगल्या डेंटरचं काम आहे, आणि त्याचा अंदाज घेतल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नये.

गावातला वेल्डिंगवाला ज्या मशीननं गेट आणि नांगर जोडतो, त्यानं गाडीचा पत्रा जोडू देऊ नका. आर्क वेल्डिंगनं पातळ पत्रा जळून भोक पडतं, आणि मग भोकावर भोक बुजवत डाग मोठा होत जातो. सीओटू वेल्डिंग किंवा गॅस वेल्डिंग असलेला माणूस तालुक्याच्या गावी शोधा.

वेल्डिंगच्या आधीचे तीन नियम. बॅटरी आणि टाकी गाडीत नको. दाराखालची पट्टी कापायची असेल, तर एका वेळी एकच बाजू कापायची, आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी टाकून ती बांधून घ्यायची. गाडी घोड्यांवर सपाट असली पाहिजे. नाहीतर बॉडी मध्ये बसते आणि वेल्डिंग झाल्यावर दारं लागत नाहीत.

तपासा: प्रत्येक तुकडा टाचून झाला की पूर्ण जोडण्याआधी दार लावून पाहा. दार आणि बॉडीमधली फट वर-खाली सारखी आहे का?

सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. लांबी पाणी शोषते. एक पावसाळा निघतो, दुसऱ्यात फुगा येतो.

## ५. ब्रेक, इंजिनच्या आधी

हा क्रम बहुतेकांना पटत नाही. इंजिनचा आवाज ऐकायची घाई असते. पण इंजिन चालू झालं की कोणीच थांबत नाही, घरातलं कोणीतरी गाडी फाटकापर्यंत नेतंच. म्हणून ब्रेक आधी पूर्ण करायचे.

जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांना एकच ब्रेक लाइन असते. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे "तीन चाकं बरी आहेत, एकच किट बदलू" हा हिशेब इथे चालत नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज आणि गंजलेले पाइप एकत्र बदला किंवा दुरुस्त करा.

ड्रम काढल्यावर आत जी धूळ दिसते ती फुंकायची नाही, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची तर अजिबात नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात कायमचं बसतं. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

सिलिंडरचा आतला पृष्ठभाग बोटानं तपासा. खड्डे लागत असतील, तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, नवं रबर पहिल्या महिन्यात कापलं जाईल. ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलनं धुवू नका. त्यानं रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतो. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा.

रबरी होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून सुजलेला असतो. दाबल्यावर तेल पुढे जातं, परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. म्हणून होज डोळे झाकून बदला.

ब्रेक लाइनमधली हवा (एअर) काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडायचं, तेल येऊ द्यायचं, निपल बंद, मगच पेडल सोडायचं. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. बाहेर आलेलं तेल पुन्हा भरायचं नाही. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

तपासा: पेडल पूर्ण ताकदीनं दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. मग चारही चाकांखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर सोडा.

## ६. इंजिन मोकळं करणं

बॅटरी अजूनही लावायची नाही.

चारही प्लग काढा. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, ते क्रमानं मांडून ठेवा. प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण दोन-तीन चमचे सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मधल्या वेळेत टॅपेट कव्हर उघडून रॉकरवरही तेल टाका.

मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन हातानं फिरवा. हलकं हललं तरी पुरे. हललं तर थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. दोन पूर्ण फेऱ्या न अडकता व्हायला हव्यात. मध्येच कडक लागलं तर जोर लावू नका. एखादा व्हॉल्व अडकून बसलेला असू शकतो आणि त्यावर पिस्टन आदळतो.

अजिबातच हलत नसेल, तर पुन्हा तेल टाका आणि आठवडाभर थांबा. रोज एकदा हलकासा प्रयत्न करा. इथे धीर हेच हत्यार आहे. ट्रॅक्टरनं ओढून गिअरमध्ये सोडणं म्हणजे रिंगा, पिस्टन आणि कधीकधी कनेक्टिंग रॉड घालवणं. दोन-तीन आठवड्यांनीही हललं नाही, तर हेड उतरवा.

जुनं ऑइल काढून टाका. शक्य असेल तर खालचं चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी धुवा, तिथे काळा गाळ डांबरासारखा चिकटलेला असतो. ही जाळी न धुता नुसतं ऑइल बदललं, तर नव्या ऑइलनं गाळ सुटतो आणि जाळी तुंबते. नवा फिल्टर, २०डब्ल्यू-५० ऑइल, मात्रा डिपस्टिकवर पाहून.

इशारा: काढलेलं ऑइल दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं असेल, तर त्यात पाणी आहे. हेड गॅस्केट किंवा ब्लॉक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रिबोअर (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं) करायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आधी पिस्टन आणि रिंगा हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवर द्या. नागपूर, अमरावती, अकोल्याला रिबोअर करणारे चांगले कारागीर आहेत, पण ते तुम्ही सांगाल त्या मापाला बोअर करतात. बोअर झाल्यावर त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर ब्लॉक पुढच्या मापाला कापण्यावाचून पर्याय नसतो.

ॲम्बेसेडरचं हेड लेथवर जाणारच असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्वच्या कडक सीट बसवून घ्या. त्या हेडच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सीट शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातल्या आहेत. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर त्या झिजतात. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते गरम झाल्यानं वाकतं, म्हणून पुन्हा बसवण्याआधी त्याची पातळी तपासून घ्या.

## ७. पेट्रोल आणि पाणी

टाकीत जुनं पेट्रोल असेल तर त्याचा वास वॉर्निशसारखा येतो. ते काढा, टाकीत मूठभर बारीक गिट्टी आणि साबणाचं गरम पाणी घालून हलवा, अनेकदा धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. गिट्टीचा प्रत्येक खडा बाहेर आला का ते टॉर्चनं पाहा.

इशारा: पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ असते. भोक पडलं म्हणून टाकी थेट वेल्डिंगवाल्यासमोर नेऊन ठेवू नका. टाक्यांचंच काम करणाऱ्या कारागिराकडे द्या, आणि त्यालाही आत पेट्रोल होतं हे सांगा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कॉर्कचे गॅस्केट त्यानं मऊ पडतात. नळी घेताना इथेनॉल चालणारी मागा, पंपाला नवं किट टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल सोडू नका.

कार्बोरेटर पूर्ण उघडून साफ करा. जेटच्या भोकात तार घालू नका. हवा मारा किंवा नायलॉनचा धागा फिरवा. तारेनं भोक मोठं झालं की गाडी कायम काळा धूर देते.

पाण्याच्या बाबतीत आपल्या भागाची वेगळी अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांत, विहिरीचं पाणी खारट आहे. ते रेडिएटरमध्ये घातलं, तर आतून गंज आणि क्षार दोन्ही येतात. बाकी विदर्भातही बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच घाला.

रेडिएटर आणि ब्लॉक वेगवेगळे, उलट्या दिशेनं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सगळे होज आणि फॅन बेल्ट नवे. ब्लॉकच्या बाजूला असलेल्या गोल पत्र्याच्या डमी गंजल्या असतील तर आत्ताच बदला. इंजिन गाडीत बसलेलं असताना मागची डमी फुटली, तर हात पोहोचत नाही.

## ८. वायरिंग आणि ठिणगी

बॅटरी जोडण्याआधी बॅटरीच्या तारेच्या मध्ये मालिकेत १२ व्होल्टचा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. चावी बंद, सगळे दिवे बंद. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बॅटरी थेट जोडायची नाही. या एका बल्बामुळे पूर्ण वायरिंग जळण्यापासून वाचतं.

कापड गुंडाळलेल्या जुन्या वायरी वाकवल्या की कवच गळून पडतं. तशी अवस्था असेल तर जोड देत बसू नका, मूळ जाडीची नवी वायरिंग टाका. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थची तार खरवडून स्वच्छ धातूवर घट्ट बसवा. सेल्फ मंद फिरण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि लोक नवी बॅटरी आणतात.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करून गॅप लावा, ॲम्बेसेडरला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फियाटला थोडा जास्त. प्लगचा गॅप साधारण ०.६. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. कंडेन्सर नवा टाका. जुन्याचं काही सांगता येत नाही.

तपासा: प्लग बाहेर काढून वायरला लावा, बॉडीला टेकवा, सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि जोरदार हवी. जवळ उघडं पेट्रोल नसावं.

## ९. पहिला स्टार्ट

गाडी उघड्यावर काढा. चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. रेती आणि अग्निशामक जवळ. लहान मुलं लांब.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, जी हमखास गाळली जाते. प्लग न लावता, भोकांवर फडकं टाकून, सेल्फ दहा-दहा सेकंद मारा. सिलिंडरमध्ये साठलेलं तेल उडून बाहेर येतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा. ऑइल प्रेशरचा काटा चढेपर्यंत किंवा लाल दिवा विझेपर्यंत हेच करायचं. मध्ये सेल्फला मिनिटभर विसावा द्या. प्रेशर आलं नाही तर प्लग लावायचेच नाहीत, ऑइल पंप पाहायचा.

प्रेशर आलं की प्लग लावा, चॉक ओढा, सुरू करा. कार्बोरेटरमध्ये बाटलीनं पेट्रोल ओतत सेल्फ मारायला लावू नका. उलटा भडका येतो आणि ओतणाऱ्याचं तोंड-हात भाजतात.

चालू झाल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरवर. दहा सेकंदांत आलं नाही तर बंद. पहिली काही मिनिटं निळसर-पांढरा धूर येणारच, आपण टाकलेलं तेल जळतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व गाइड. पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं तर हेड गॅस्केट. काळा असेल तर कार्बोरेटर.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल, तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन बंद करून पेडल दाबलेल्या अवस्थेत लाकडानं अडकवा आणि रात्रभर ठेवा. बहुतेकदा सुटते.

## १०. रंग

इथपर्यंत आल्यावरच पेंटर.

घासलेल्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा. लांबी त्यावर, पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. खड्डा त्याहून खोल असेल तर डेंटिंग अजून झालेलं नाही. मग सरफेसर, वॉटर पेपर चढत्या नंबरानं, आणि शेवटी रंग.

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात स्प्रे केला, तर थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमटपणामुळे पांढरट झाक येते. हिवाळ्यात दव वाळल्यावर, सकाळी दहा ते दुपारी चार, हा वेळ चांगला. शेजारच्या वावरात तूर किंवा सोयाबीन मळणी चालू नाही ना, ते विचारून घ्या. जमिनीवर पाणी शिंपडा. कॉम्प्रेसर लावण्यापूर्वी व्होल्टेज पाहा.

इशारा: हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करतात, आणि रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. घरी करायचं असेल तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घ्या, तोही योग्य फिल्टरचा मास्क लावून. पीयूच हवा असेल तर बूथ असलेल्याकडे द्या.

## ११. रस्त्यावर

टायर पाहा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांहून जुना, भेगा पडलेला टायर चालत नाही. आपल्या उन्हात असा टायर धावता धावता फुटतो. ॲम्बेसेडरचं जुनं माप ५.९०-१५, पद्मिनीचं ५.२०-१४. ही मापं मिळायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर आधी टाका.

विमा आणि कागद पूर्ण झाल्यावर पहिली फेरी गावाच्या आसपास, वीस-तीसच्या वेगानं, सोबत दुसरी गाडी घेऊन. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे.

उन्हाळ्यात दुपारी गाडी चालता चालता बंद पडली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाली, तर पेट्रोलची नळीत वाफ होते आहे. गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून वेळ निभावते. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब वळवणं आणि तिला उष्णतारोधक गुंडाळणं.

५०० किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. हेड उघडलं असेल, तर थंड इंजिनवर हेडचे नट टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकातल्या क्रमानं आणि मापानं पुन्हा आवळा. त्यानंतर टॅपेट लावा, कारण नट आवळले की टॅपेटचा गॅप बदलतो. ब्रेकचे सगळे जोड पुन्हा कोऱ्या कागदानं तपासा. पेट्रोलचा फिल्टर उघडून पाहा. त्यात तांबूस भुकटी दिसली, तर टाकी आतून अजून गंज सोडते आहे आणि तिला पुन्हा उतरवायचं आहे.